छतावरचा समुद्र आणि अस्सल दिवा

देवमासा वर यायला आणि दिवा जायला एकच गाठ पडली.

दुपारचे तीन वाजले होते. मधल्या खोलीचे जाड पडदे ओढून घेतलेले होते आणि आत्या पलंगावर उताणी पडून छताकडे बघत होती. छतावर समुद्र होता. एरवी तिथे नुसता पंखा असायचा. पण गेले दोन आठवडे रोज दुपारी पंखा बंद करून त्याच्याभोवती समुद्र सोडला जायचा. मासे पोहत पोहत पंख्याच्या पात्यापाशी आले की किंचित वाकडे व्हायचे आणि पलीकडे गेले की पुन्हा सरळ. निळा उजेड भिंतींवरून ओघळायचा, कपाटाच्या आरशात शिरायचा, आत्याच्या पांढऱ्या केसांवर हलत राहायचा. त्या दिवशी पाण्याच्या तळातून एक भलीमोठी सावली वर येत होती. निवेदक दबक्या आवाजात काहीतरी सांगत होता. खुर्चीत बसलेल्या वेलांटीरावांनी श्वास रोखला, आणि 'टप्' असा आवाज झाला. समुद्र तांबूस झाला, तपकिरी झाला, आणि मग नुसतं छत उरलं. निवेदक मात्र अंधारात बोलतच राहिला.

"बुडाला का रे?" आत्याने विचारलं.

"देवमासा कसा बुडेल, आत्या? दिवा गेला."

"मग त्या बोलणाऱ्याला सांग की. बिचाऱ्याला कळलेलं दिसत नाही."

वेलांटीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते आणि पंचवीस वर्षं लोकांच्या ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व करत आल्यामुळे हे नाव त्यांना चिकटलं होतं. नाव ठेवणाऱ्याने ते थट्टेने ठेवलं, त्यांनी पदवीसारखं स्वीकारलं. लग्नाआधी बायकोने लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या सात चुका दुरुस्त करून त्यांनी ते पत्र तिला परत पाठवलं होतं, आणि तरीही तिने त्यांच्याशी लग्न केलं, यावरून बाईंच्या सोशिकपणाची कल्पना यावी. ती रुग्णालयात एक्स-रे काढायची. रोज शेकडो माणसांना "श्वास घ्या, धरा, सोडा" असं सांगून सांगून तिचं घरातलं बोलणंही तीन शब्दांवर आलं होतं.

प्रोजेक्टर छापखान्याचा. पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल मालकांनी वेलांटीरावांना भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं, पण कचेरीत नवा प्रोजेक्टर आल्यामुळे जुना रिकामा झाला आणि घड्याळ वाचलं. तो दीड वर्ष माळ्यावर पडून होता. मग आत्या स्टुलावरून पडली, कमरेच्या हाडाला चीर गेली, आणि डॉक्टरांनी आठ आठवडे पाठीवर पडून राहायला सांगितलं. आत्याने छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता आणि समुद्र एकदाही पाहिला नव्हता. शाळेची सहल दर वर्षी समुद्रावर जायची; पण मागे राहिलेल्या मुलांचा वर्ग कुणीतरी घ्यायला हवा, हा नियम आत्यानेच केला होता, आणि केलेला नियम नेहमी करणाऱ्याच्याच मानगुटीवर बसतो. तेव्हा वेलांटीरावांना एक कल्पना सुचली. आयुष्यात त्यांना सुचलेल्या कल्पना मोजक्याच, त्यामुळे ही त्यांनी जपून अमलात आणली. शब्दकोशाच्या चार खंडांच्या मधोमध प्रोजेक्टर उभा बसवला, त्याचं तोंड वर केलं, आणि छतावर समुद्र सोडला.

आता तो आटला होता.

"दिवा आणा," बायको म्हणाली. तिच्या मते विषय तिथेच संपला होता.

पण विषय तिथे सुरू झाला होता. बाजारात गेल्यावर वेलांटीरावांना कळलं की असल्या दिव्यांमध्येही खानदानं असतात. एक मूळ कंपनीचा अस्सल दिवा. दुसरा कुणा भलत्याच कारखान्याचा, हुबेहूब तसाच दिसणारा आणि चौथाई किमतीचा. दुकानदार काउंटरवर कोपर टेकून, जणू काही स्थळं सांगावीत तसा सांगत होता.

"पूर्ण अस्सल हवा असेल तर तो कंपनीच्या केंद्रातच मिळेल. आमच्याकडे नक्कल आहे, एकदम चांगली. मधला एक प्रकार असतो. आतला बल्ब अस्सल, बाहेरचा पिंजरा नकली. आणि चौथा म्हणजे पिंजरा अस्सल, बल्ब नकली. पण तो आम्ही ठेवत नाही."

"का?"

"माणसाला काही नीतिमत्ता असते, साहेब."

वेलांटीराव दिवा न घेता घरी आले. मूळ प्रत आणि नक्कल यांतला फरक ओळखण्यावर ज्याची रोजीरोटी चालते, त्याने असा निर्णय उभ्या उभ्या कसा घ्यायचा? त्यांनी एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर सुंदर अक्षरात 'दिवा : साधक-बाधक विचार' असं लिहिलं. शीर्षकाखाली रेघ ओढली. रेघ वाकडी आली म्हणून पान फाडलं.

सल्ला मागायला ते कुणाकडे गेले नव्हते, पण सल्ला स्वतःच्या पायाने येतो. वरच्या मजल्यावर फ्यूजकाका राहायचे. वीज कंपनीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ घरात चपला कमी आणि स्क्रू-ड्रायव्हर जास्त बाळगून होते. त्यांनी आधी प्रोजेक्टरची नाडी पाहिली.

"याला उताणं कुणी झोपवलं?"

"मी. आत्यासाठी."

"मरेल नाही तर काय! उष्णता वर चढते आणि दिवा वरच. तुम्ही त्याला भट्टीत निजवलंत." मग गुन्हेगाराला माफ केल्यासारखे ते म्हणाले, "असो. साधा घ्या, स्वस्तातला. उजेड म्हणजे उजेड. त्यात अस्सल काय नि नक्कल काय? सूर्य कुठल्या कंपनीचा आहे, सांगा बरं मला?"

हा युक्तिवाद वेलांटीरावांना इतका पटला की ते खाली दूध आणायला जाताना तो पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते. खाली कोपऱ्यावर औषधवाल्यांचं दुकान. 'आतलं औषध तेच, वेष्टन वेगळं' असं दिवसातून पन्नास वेळा सांगून स्वस्तातल्या गोळ्या विकणारा हा माणूस. त्यांच्याकडून तर दुजोरा मिळणारच, म्हणून वेलांटीरावांनी सहज विषय काढला. औषधवाल्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि त्यांना दंडाला धरून कपाटामागे नेलं.

"अस्सलच घ्या."

"पण तुम्ही तर रोज सगळ्यांना..."

"ते गिऱ्हाइकांना. तुम्ही शेजारी." त्यांचा आवाज कुजबुजीवर आला. "मी स्वतः साधी डोकेदुखीची गोळी घेतो ना, तीसुद्धा..." आणि तेवढ्यात एक बाई खोकल्याचं औषध मागायला आल्या, तसे ते बाहेर जाऊन म्हणाले, "हे घ्या ताई, आतलं औषध तेच."

असे पाच दिवस गेले. वेलांटीरावांची वही भरत होती आणि इकडे आत्याला छताशिवाय बघायला काही नव्हतं. पहिल्या दिवशी तिने ओलीच्या एका डागात नवा खंड शोधून काढला. दुसऱ्या दिवशी त्याला दोन नद्या दिल्या. तिसऱ्या दिवशी राजधानी कुठे असावी यावर भाचेसुनेशी चर्चा केली, ती म्हणाली, "नदीकाठी. पाणी लागतं." चौथ्या दिवशी तिथे दुष्काळ पडला. पाचव्या दिवशी आत्या त्या खंडाबद्दल काही बोललीच नाही. तोंड भिंतीकडे करून पडून राहिली. ताटातलं निम्मं परत आलं.

"दिवा आणा. आजच," बायको म्हणाली. तीनच शब्द, पण वेलांटीराव पायात चपला सरकवूनच थांबले.

त्यांनी नक्कल आणली. पूर्ण नक्कल, पिंजऱ्यासकट. घरी येऊन त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला, आणि सवयीने वाचायला घेतलं. इथेच घात झाला. खोक्याच्या एका बाजूवर मराठीत छापलं होतं : 'उत्कृष्ठ दर्जा. डोळ्यास सुखद प्रकाश. विश्वासार्ह्य.'

वेलांटीरावांनी ते पुन्हा वाचलं. 'उत्कृष्ट' मधला 'ट' ज्याला नीट लिहिता येत नाही, त्याने आतल्या तारा तरी कशा नीट जोडल्या असतील? आणि 'विश्वासार्ह्य'! विश्वास ठेवा म्हणताना जो अडखळतो, त्याच्यावर कुणी विश्वास ठेवायचा? त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. लाल पेन निघालं. 'ष्ठ' वर काट मारून समासात 'ष्ट', 'ह्य' चा 'ह', शेवटी 'पुन्हा प्रूफ दाखवा' आणि खाली सही. मग ते खोकं तसंच उचलून ते दुकानात परत करायला गेले.

दुकानदाराने खोकं फिरवून फिरवून पाहिलं.

"यावर लिहिलंय कुणीतरी."

"मी लिहिलंय. चुका होत्या."

"साहेब, खोकं खराब झालं की माल परत घेता येत नाही."

"खराब? अहो, मी ते सुधारलंय!"

"हो, पण आम्हाला बिघडलेलंच लागतं," दुकानदार शांतपणे म्हणाला. "जसं आलं तसं."

पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीत एवढा अपमान झाला नव्हता. परतताना वेलांटीरावांनी निश्चय केला. दिवा अस्सलच आणायचा, कंपनीच्या केंद्रातून, पावतीसकट. नकली दिवा त्यांनी चपलांच्या कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कामावरून अर्धी रजा टाकून केंद्र गाठलं.

केंद्र म्हणजे एक लांबलचक थंडगार खोली. काचेच्या खिडकीमागे एक बाई, खिडकीसमोर खुर्च्यांच्या चार रांगा, आणि खुर्च्यांवर मांडीवर आपापली आजारी यंत्रं घेऊन बसलेली माणसं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एक गृहस्थ आपल्या मिक्सरवर हळूच हात फिरवत होते. वेलांटीरावांनी जळका दिवा रुमालात गुंडाळून आणला होता. आत पारा असतो, तो कचऱ्यात टाकायचा नाही, जमा करायचा, असं माहितीपुस्तिकेच्या सदतिसाव्या पानावर लिहिलेलं होतं. (त्याच पानावर दोन चुका होत्या, पण त्या इथे सांगण्याचं कारण नाही.)

तासाभराने नंबर लागला. बाईंनी एक छापील अर्ज पुढे सरकवला. वेलांटीरावांनी तो भरला; पण भरता भरता वरच्या ओळीत त्यांना दिसलं : 'नादुरूस्त भागाचे नाव'. 'रू' दीर्घ! आता हे बघून पुढे जाणं म्हणजे वाटेत पडलेल्या माणसाला ओलांडून जाण्यासारखंच. त्यांनी एका लहानशा लाल खुणेने तो ऱ्हस्व केला.

बाईंनी अर्ज पाहिला. "यात खाडाखोड आहे. नवीन भरा."

"बाई, खाडाखोड नव्हे, दुरुस्ती. 'नादुरुस्त' मधला 'रु' पहिला."

"असेल. पण खाडाखोड असलेला अर्ज चालत नाही."

"म्हणजे चुकीचा अर्ज चालतो आणि बरोबर केलेला चालत नाही?"

"बरोबर," बाई म्हणाल्या.

वेलांटीरावांनी दुसरा अर्ज घेतला. हात पुन्हा वळवळला. तो त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला. डोळे अर्धवट मिटून, त्या शब्दाकडे न बघता, त्यांनी अर्ज भरला. मग बाईंनी प्रोजेक्टरची पावती मागितली. पावती छापखान्याच्या नावाने होती. यंत्र ज्याचं नाही त्याला अस्सल भाग मिळत नाही. छापखान्याने हे यंत्र तुम्हाला दिलं असं छापखान्याच्या कागदावर लिहून आणा, असं ठरलं.

घरी येताना जिन्यातच त्यांना ओळखीचा दबका आवाज ऐकू आला. दार लोटून ते मधल्या खोलीत गेले आणि उंबऱ्यात खिळून उभे राहिले. पडदे ओढलेले होते. पलंगाच्या एका बाजूला जमिनीवर फ्यूजकाका उताणे पडलेले होते, दुसऱ्या बाजूला बायको रुग्णालयाच्या पांढऱ्या कोटातच आडवी झाली होती, आणि तिघांच्याही चेहऱ्यावरून हिरवट उजेड सरकत होता.

"दोन स्क्रू होते," बायको छताकडे बघतच म्हणाली.

तिने चपलांच्या कपाटातला दिवा शोधून काढला होता. छतावर समुद्र होता खरा, पण तो हिरवा होता. मासे हिरवट, फेस पिवळसर, आकाश तर कच्च्या पेरूसारखं. त्यातून दर थोड्या वेळाने 'हा दिवा ओळखीचा नाही' अशा अर्थाची पाटी भर पाण्यात उगवायची.

"कोण म्हणतं ओळखीचा नाही?" आत्याने पाटीला विचारलं. पाटी गेली.

"आत्या, रंग चुकलाय गं," वेलांटीराव कळवळून म्हणाले. "समुद्र असा नसतो. थोडे दिवस चालवून घे. मी अस्सल आणतो."

"असू दे रे," आत्या म्हणाली. तिने उशी सारखी करायला सांगितली आणि समुद्र आटल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी खायला मागितलं.

वेलांटीरावांना तिच्या मनाचा मोठेपणा बघून भरून आलं. बिचारी आपल्यासाठी हिरवा समुद्र सहन करते आहे! आता तर अस्सल दिवा आणलाच पाहिजे.

छापखान्यात मालकांनी पत्र द्यायला लगेच होकार दिला. छापखान्याच्या नावाचा जाड, पिवळसर कागद काढला, दोन ओळी लिहिल्या, सही केली. वेलांटीरावांनी पत्र वाचलं. मजकुरात चूक नव्हती. मग त्यांची नजर वर गेली. छापखान्याच्या नावाखाली नक्षीदार अक्षरांत बोधवाक्य छापलेलं होतं : 'सुबक व अचुक छपाई'.

त्यांनी चष्मा काढला. पुसला. घातला. 'चु' ऱ्हस्वच होता.

"मालक, हा कागद कधी छापला आपण?"

"झाली की अकरा वर्षं. प्रूफ तुम्हीच पास केलं होतं. का हो?"

"काही नाही," वेलांटीराव म्हणाले आणि खुर्चीत बसले. अकरा वर्षं हा कागद गावभर फिरत होता. बँकेत गेला, न्यायालयात गेला, कागद पुरवणाऱ्यांकडे, शाई पुरवणाऱ्यांकडे गेला. सगळ्या शब्दांत हाच शब्द! 'सुबक' चुकला असता तर एक वेळ खपलं असतं. कुणाला दिसलं नाही की सगळ्यांना दिसलं आणि कुणी बोललं नाही? यांतलं काय जास्त वाईट, ते त्यांना ठरवता येईना. त्या दुपारी त्यांनी समोर आलेलं एकही प्रूफ तपासलं नाही. नुसते खिडकीबाहेर बघत बसले. खिडकीबाहेर भिंत होती.

केंद्राच्या खिडकीवर पत्र देताना त्यांनी अंगठा नेमका त्या शब्दावर ठेवला होता. बाई पत्र ओढत होत्या, वेलांटीराव सोडत नव्हते.

"सोडा ना," बाई म्हणाल्या.

त्यांनी सोडलं. बाईंनी पत्र वाचलं, पहिल्यापासून. मग त्यांचं बोट वरच्या ओळीवर थांबलं, आणि त्यांनी चष्म्यावरून वेलांटीरावांकडे पाहिलं.

"'अचूक' मधला 'चू' दुसरा ना हो?"

"दुसरा," वेलांटीराव खालमानेने म्हणाले. "माझीच चूक आहे."

बाईंनी क्षणभर विचार केला आणि धपकन शिक्का मारला. "राहू दे. चालतं." मग थोड्या हलक्या आवाजात, "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी कोशात बघितलं. 'नादुरुस्त' तुमचंच बरोबर होतं. पण अर्ज आमचे पाच हजार छापून पडलेत."

दोघंही आपापल्या चुकांकडे बघत राहिली. वेलांटीरावांना त्या थंडगार खोलीत कित्येक दिवसांनी जरा ऊब वाटली.

अस्सल दिवा तीन आठवड्यांनी आला. खोक्यावर एकही चूक नव्हती. वेलांटीरावांनी चारही बाजू, वरची आणि खालची, दोनदा वाचल्या. बसवण्याच्या कार्यक्रमाला औषधवाले दुकान बंद ठेवून आले. फ्यूजकाका विरोधी पक्ष म्हणून हजर होते. बायकोने स्क्रू काढले, स्क्रू लावले, आणि छत उजळलं.

काय निळा होता तो! गडद, खोल, तळाशी जांभळटसर होत गेलेला. फेस दुधासारखा पांढरा. खोलीतली हवासुद्धा थंड झाल्यासारखी वाटली.

"बघा!" औषधवाले म्हणाले. "मी सांगत होतो."

फ्यूजकाकांनी घसा खाकरला. "उजेड बरा आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून हे येणं म्हणजे शरणागतीच होती.

आत्या काही बोलली नाही. वेलांटीरावांना वाटलं, आनंदाने शब्द फुटत नसतील. दुसऱ्या दिवशी ती अर्ध्यातच म्हणाली, "पुरे आता." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आज डोळे दुखतायत, राहू दे." चौथ्या दिवशी तिने तोंड भिंतीकडे केलं. वेलांटीराव पलंगाच्या कडेला बसले.

"आत्या, खरं सांग. काय झालं?"

"काही नाही रे."

"समुद्र आवडला नाही?"

"आवडला की. फार सुंदर आहे." तिने चादरीचं टोक सारखं केलं. "तुला राग नाही ना येणार? एवढ्या खेपा घातल्यास तू. आमच्या वर्गात एक मोठा नकाशा होता, खिडकीशेजारी टांगलेला. रोज दुपारचं ऊन त्याच्यावर पडायचं. मी लागायच्या आधी तो निळा होता म्हणे. मला कधी तसा आठवत नाही. उडून उडून हिरवट झालेला. नवीन नकाशा मागितला की पुढच्या वर्षी देऊ म्हणायचे. छत्तीस वर्षं मी त्या हिरव्यावर छडी टेकवून उभी राहिले."

आत्याने तोंड पुन्हा छताकडे वळवलं.

"समुद्र निळा असतो हे मला ठाऊक आहे. भूगोल शिकवलाय मी, खुळी नाही. आधीचा निळा मी नुसता बघत होते. पण तुझा तो हिरवा दिवा लागला ना, तेव्हा मला सगळं सापडायला लागलं. इथे आखात, इथे बेटं, इथे मागच्या बाकावरची मुलं कुजबुजतायत. ह्या निळ्यात मी हरवते रे. कुणाच्या तरी मोठ्या घरात पाहुणी गेल्यासारखं होतं. कुठे बसावं कळत नाही."

वेलांटीराव उठले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर शोधला. दोन स्क्रू काढायला बायकोला सात मिनिटं लागत. त्यांना पाऊण तास लागला, एक स्क्रू पलंगाखाली गेला, आणि एक बोट खरचटलं. अस्सल दिवा त्यांनी पुन्हा खोक्यात घातला, खोकं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. संध्याकाळी बायकोने ते पाहिलं, आत्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या बोटाकडे पाहिलं.

"बरं केलंत हं," ती म्हणाली. आणि चौथा शब्दही बोलली. "शहाणे."

रविवारी दुपारी फ्यूजकाका आणि औषधवाले आपापल्या उशा घेऊनच आले. दोघांचं रंगावरून भांडण जुंपलं. आत्याने "मागे गडबड नको" असं एकदाच म्हटलं आणि दोघं गप्प झाले. पंधरा मिनिटांत फ्यूजकाका घोरायला लागले. मग औषधवाल्यांचे हात पोटावर जुळले. बायकोचा डोळा पलंगाच्या पायापाशीच लागला. हिरवट उजेड सगळ्यांच्या अंगावरून येत होता, जात होता. निजलेल्या माणसांवरून कुणी पातळ चादर पुन्हा पुन्हा ओढावी आणि काढावी तसा. जागे दोघंच होते. आत्या पलंगावर आणि वेलांटीराव खुर्चीत.

"तू पाहिलायस ना रे समुद्र?" आत्याने हळूच विचारलं.

"पाहिलाय. म्हणजे, गेलो होतो एकदा. छापखान्याच्या कामाने."

"कुठल्या रंगाचा होता?"

वेलांटीरावांना ते बंदर आठवलं. बंदराच्या कचेरीसाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापायचं होतं. एकशे बारा पानं, सगळे आकडे. कचेरी उघडायला वेळ होता म्हणून ते समोरच्या बाकावर प्रुफं घेऊन बसले होते. चार तास.

"आत्या," ते म्हणाले, "त्या आकड्यांत एकही चूक राहिली नव्हती."

"आणि समुद्र?"

"समोरच होता."

"मग?"

"मान वर केली नाही गं मी."

आत्याच्या खांद्यापासून हसू सुरू झालं, पोटात गेलं, पलंग करकरायला लागला. "हसवू नकोस रे मेल्या," ती डोळे पुसत म्हणाली, "हाड हलतंय माझं!" वेलांटीरावांना आधी अपमान वाटला, मग कसंसंच वाटलं, आणि मग तेही हसायला लागले. तोंडावर हात दाबून, फ्यूजकाका जागे होऊ नयेत म्हणून.

हसणं ओसरल्यावर आत्याने शेजारच्या मोकळ्या जमिनीकडे हनुवटीने खूण केली.

"ये. आडवा हो इथे."

वेलांटीरावांनी खिशातलं पेन काढून खुर्चीवर ठेवलं आणि ते दोन घोरणाऱ्या शेजाऱ्यांच्या मधे उताणे झाले. जमीन गार होती. वर पंख्याच्या पात्यांमधून पाणी संथपणे सरकत होतं.

आत्याने उजवा हात उचलला आणि बोट छताकडे रोखलं.

"हं," ती म्हणाली. "किनाऱ्यापासून सुरुवात करू."